नाहीबाईंचा होकार

काळं, गुळगुळीत, आतल्या कडेला किंचित उतार दिलेलं... नात दुधाचा कप तोंडाशी नेई तेव्हा ते तिच्या मनगटावरून घसरून कोपराकडे जाई आणि कप खाली ठेवला की पुन्हा मनगटाशी येऊन थांबे. बाई मघापासून त्याच्याकडेच बघत होत्या – म्हणजे बघतोय हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं, डोळे आपले माप घेत होते. आतलं साठ मिलिमीटर, बाहेरचं त्र्याहत्तर, रुंदी दहाच्या आसपास. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी डोळ्यांची ही खोड गेली नव्हती. कुणाच्या घरी गेलं की दाराची चौकट काटकोनात आहे की नाही ते आधी दिसायचं आणि दार उघडणारं माणूस नंतर.

"हे कडं कुठलं गं?"

"माझं आहे."

"तुझंच आहे, मी कुठे घेतेय. पण मिळालं कुठे?"

"बाबांच्या गाडीत, मागे. काल. खोक्यात एकटंच होतं बिचारं."

एकटंच. बाईंनी हात पुढे केला, नातीने अविश्वासाने हात मागे घेतला, मग "फक्त बघायला" या अटीवर कडं काढून दिलं. तळहातावर त्याला वजनच नव्हतं. प्लॅस्टिक. बाहेरून विकत मिळणाऱ्या चाकांचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, दहा तऱ्हांच्या गाड्यांना चालावं म्हणून. आणि मग ज्या गाडीला ती लावायची तिच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल उंचवट्यावर, असं एकेक कडं चढवून मधली फट भरायची, म्हणजे चाक बरोबर मधोमध बसतं. कडं नसेल तर सगळी मदार नट आवळणाऱ्याच्या हातावर. चाक केसभर बाजूला बसलं तरी उभ्या गाडीत कळत नाही, गल्लीतही कळत नाही, पण शंभरच्या वेगात तो केस... चार चाकं, चार कडी. पुडक्यात चारच येतात. पाचवं कडं कुणी कुणाला देत नाही.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेनऊ. लेक आणि जावई सातला निघाले होते. जावयाच्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन होऊन आज नऊ दिवस झाले होते, हॉस्पिटल त्यांना दोनला सोडणार होतं, आणि त्यांना घेऊन रात्रीपर्यंत परतायचं म्हणजे डोंगराचा तो रस्ता जाताना एकदा आणि येताना एकदा... येताना मागच्या सीटवर आजारी माणूस, शेजारी विहीणबाई, डिकीत दोघांचं सामान, चाकाची खुर्ची.

कदाचित पाचवं असेलही. दुकानदाराने चुकून एक जास्त टाकलं असेल. चुका काय कमीच करतात का माणसं, जास्तही करतात – असं बाईंनी स्वतःला सांगून पाहिलं, आणि तेव्हाच त्यांना कळलं की आपण फोन शोधतो आहोत. फोन चष्म्याच्या डबीखाली होता. तो उचलला. ठेवला.

काय सांगणार? आणि कुणाला – लेकीला की जावयाला? जावई दातांचा डॉक्टर, हळू बोलणारा, सासूला 'आई' म्हणून हाक मारताना आवाजात खोट नसलेला माणूस. त्या माणसाला आयुष्यात एकच हौस, ती गाडी. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर चालणारी, उंच, पांढरी. निघताना तिचा आवाज येत नाही याचंच त्याला केवढं कौतुक. काल संध्याकाळी नवी चाकं बसवून आला तेव्हा खालून हाक मारली होती त्याने, "आई, खाली या ना बघायला." बाई गेल्या होत्या. काळी-चंदेरी चाकं, बारीक बारीक आरे फुलासारखे उमललेले. बाईंचा डोळा आऱ्याच्या मुळाशी गेला, तिथून आत, चाकाच्या पाठीमागे, जिथे आकडा ओतलेला असतो – एका चाकाने किती भार पेलायचा त्याचा आकडा – आणि तो बघायला त्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्याच होत्या, तेवढ्यात जावई हसत म्हणाला होता, "आई, नापास नका करू हं."

लेक हसली. नातही, तिला काही कळलं नसताना. बाई सरळ झाल्या. "छान दिसतायत," म्हणाल्या.

छान दिसतायत! एकतीस वर्षं त्यांनी कुठल्याही वस्तूविषयी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. ॲल्युमिनियमच्या फाउंड्रीत तपासणी विभागात त्या लागल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या आणि खात्यात एकट्या बाई होत्या. वर्षभरात त्यांना नाव पडलं – नाहीबाई. ओतकाम घेऊन माणूस येई, टेबलावर ठेवी, बाई गेज लावीत, काट्याकडे बघत आणि म्हणत, "नाही." पुढे पुढे माणसं दारातूनच विचारायची, "बाई, आज हो का नाही का नाहीच?" त्यांनाही हसू यायचं. नाव आवडायचंसुद्धा, खोटं कशाला बोला. घरी आल्यावर मात्र ते पायातून काढून दाराबाहेर ठेवता यायचं नाही. लेकीच्या सहलीला नाही, दुचाकीला नाही, ती पहिल्यांदा ज्याच्याविषयी बोलली त्या मुलाला नाही... तो मुलगा पुढे चांगला निघाला. लेकीने ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि न बोलून दाखवण्याची तिची एक खास तऱ्हा होती – मान जराशी वाकडी करून "बरं" म्हणायची.

म्हणून जावयाला हो म्हणताना बाईंनी मनाशी ठरवलं होतं, आता पुरे. या घरात राहायचं तर गेज पेटीत.

"आजी, माझं कडं दे."

"देते. थांब जरा."

त्या गॅलरीत गेल्या. कोपऱ्यात गाडीची जुनी चाकं एकावर एक रचली होती आणि शेजारी नव्या चाकांची रिकामी खोकी चपटी करून भिंतीला टेकवलेली होती. बाईंनी वरचं खोकं उजेडाकडे वळवलं. गाडीचं नाव बरोबर होतं. त्याच नावाची गाडी नुसत्या पेट्रोलवर चालणारीही मिळते, तिला बसतात ती हिला बसतात, पाच भोकं तीच, अंतर तेच. दुकानदाराने नाव ऐकलं असेल, भोकं मोजली असतील. मागच्या सीटखाली बॅटरी आहे हे त्याच्या डोक्यात कशाला येईल? बॅटरी दिसत नाही. जे दिसत नाही त्याचं वजन कोण धरतं... खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: कमाल भार ५६० किलो.

पाचशे साठ. दोन चाकांवर अकराशे वीस. आता गाडीच्या मागच्या आसावर किती येतात ते कळायला हवं. ते इथे नाही, गाडीवर आहे, दाराच्या चौकटीवर एक पाटी असते तिच्यावर. गाडी रस्त्यावर आहे. त्या आत आल्या, नातीने सांडलेलं दूध पुसलं, पुन्हा गॅलरीत गेल्या आणि वाचलेलाच आकडा पुन्हा वाचला.

असणार. मार्जिन असणारच. लिहिलेल्या आकड्यापाशी कुठलंच चाक मोडत नाही, त्याच्या कितीतरी पुढे...

आणि मनात हे वाक्य आलं त्याबरोबर ते कुणाच्या आवाजात आलं हेही त्यांना ऐकू आलं. फाउंड्रीतल्या मोठ्या साहेबांच्या. मऊ, दमलेला, जवळजवळ मायेचा आवाज. "मार्जिन असतंच हो, बाई."

त्या दिवशी शुक्रवार होता. साडेचार वाजले होते. एक्स-रेच्या खोलीत फिल्म लावायची ती पांढरी काच उजळलेली होती आणि तिच्यावर आऱ्याच्या मुळाशी मसुराएवढा काळा ठिपका – धातू ओतताना आत राहिलेली हवा. एवढा चालतो, एवढा चालत नाही, यांची मापं टेबलावर काचेखाली लावलेली होती; हा चालणाऱ्यातला नव्हता. आठ नमुन्यांत असे तीन. म्हणजे सगळा लॉट थांबवायचा, एकशे चाळीस चाकं, दुसरे नमुने काढायचे, कापून बघायचे, अर्ज भरायचे, आठ वाजणार. साहेब स्वतः आले होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाला नाही म्हणायची बाईंना सवय होती. ते म्हणाले, ट्रक गेटवर उभा आहे. म्हणाले, मार्जिन असतंच. आणि बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

कारण साडेपाचला शाळेत नाटक होतं. लेक सहावीत होती. तोवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला आई पोचायची तेव्हा पडदा पडलेला असायचा आणि मुलं खुर्च्या उचलत असायची.

मी घाबरले नव्हते. दडपणाखाली वगैरे काही नाही. मला घरी जायचं होतं. मी शिक्का उचलला आणि मारला – एवढा सोपा होता तो, नेहमीच्याच आवाजाचा...

लेक त्या नाटकात झाड झाली होती. एकही वाक्य नव्हतं तिला, दोन्ही हात वर करून पाऊण तास उभं राहायचं. पहिल्या रांगेत आई दिसली आणि झाडाने एक फांदी हलवली. ही गोष्ट लेकीने नवऱ्याला सांगितलेली होती, मैत्रिणींना सांगितलेली होती, आता मुलीला झोपवताना सांगत असे. नातीला ती इतकी आवडायची की 'झाडाची गोष्ट' म्हणून मागून घ्यायची. "आणि मग झाडाने बघितलं, तर समोर कोण? आजी!" शेजारच्या खोलीत बाई डोळे मिटून पडलेल्या असत आणि एकशे चाळीस भागिले चार, पस्तीस, असा हिशोब आपोआप होत असे. पस्तीस गाड्या.

काही झालं नाही. म्हणजे काही झाल्याचं कळलं नाही. वर्षानुवर्षं त्या पेपरात आतल्या पानांवरच्या लहान बातम्या आधी वाचायच्या. चाक निखळून, गाडी उलटून, नियंत्रण सुटून. नवरा होता तोवर म्हणायचा, "तुला या असल्या बातम्यांची काय गोडी आहे कळत नाही." त्यालाही सांगितलं नव्हतं. तो तसाच गेला.

नऊ वाजून दहा मिनिटं. डोंगराचा रस्ता साडेनऊच्या सुमारास सुरू होतो. बाईंनी फोन लावला.

"हां, आई," लेकीचा आवाज. "काय गं? पडली-बिडली नाही ना ती?"

"ती बरी आहे. गाडी कशी चाललीय?"

"गाडी?" लेक म्हणाली. "स्पीकरवर टाकते. आई विचारतेय गाडी कशी चाललीय."

"मस्त," जावई म्हणाला. "स्टिअरिंगला जराशी थरथर आहे. टायर नवे आहेत, बसतील."

"मी मघापासून म्हणतेय याला, माझी सीटसुद्धा थरथरतेय," लेक म्हणाली.

बाईंनी कड्याचं सांगितलं. एका चाकात ते नाहीये असं वाटतंय, सांगितलं. मग खोक्यावरच्या आकड्याचं सांगितलं. बोलताना आपला आवाज खात्यातला झाला आहे, सपाट, हे त्यांच्या लक्षात आलं, पण आता तो बदलता येत नव्हता. "ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पाटी असते. तिच्यावर मागच्या आसाचा भार लिहिलेला असतो. गाडी थांबवून वाचता का?"

"आई," जावई हसत म्हणाला, पण हसू जरा ताणलेलं होतं. "दोनला पोचायचंय. बाबा सकाळपासून कपडे घालून बसलेत. आणि दुकानदार रोज दहा गाड्यांना बसवतो ही चाकं."

"अशा गाडीला बसवलीत का?"

"गाडी तीच हो."

"बॅटरी?"

त्या गाडीला आवाज नाही, त्यामुळे फोनमधून फक्त रस्ता ऐकू येत होता.

"तुम्ही दाताला टोपी बसवता," बाई म्हणाल्या. "केसभर वर राहिली तर म्हणता का, बसेल हळूहळू?"

"नाही म्हणत," जावई कबुलीच्या सुरात म्हणाला. मग म्हणाला, "पण आई, राग मानू नका. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत... म्हणजे तुमचं कामच ते होतं, मला आदर आहे. पण कंपन्या एवढं मार्जिन ठेवतातच."

हॉलमध्ये नात जमिनीवर पालथी पडून काहीतरी रंगवत होती. बाईंनी तिच्याकडे पाठ केली.

"मी एकदा हो म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चाकंच होती. एकशे चाळीस. आऱ्याच्या मुळाशी हवा राहिली होती, मी बघितली होती, फिल्मवर. थांबवायला हवी होती. मला सांगण्यात आलं, मार्जिन असतं. ते असतंच, खोटं नाही ते. मी शिक्का मारला. ती चाकं गेली. कुणाच्या गाड्यांना लागली मला माहीत नाही. त्या गाड्यांत कोण बसलं, माहीत नाही. काही झालं असेल किंवा काहीही झालं नसेल. मला अजून कळलेलं नाही." त्यांना श्वास घ्यावा लागला. "मला सगळ्यालाच नाही म्हणायची सवय आहे असं नाही. एवढंच सांगायचं होतं."

फोनमध्ये टक, टक, टक असा आवाज सुरू झाला. बाईंना क्षणभर तो काय आहे ते कळेना. मग कळलं – गाडी कडेला घेतानाचा दिवा. दार उघडल्याचा आवाज आला. मग लांबून जावयाचा आवाज, त्याच्या नेहमीच्या हळू बोलण्यात: "मागचा आस... बाराशे चाळीस."

"सहाशे वीस प्रत्येकी," बाई म्हणाल्या, कुणी विचारलं नसताना. चाक पाचशे साठचं.

"कधी गं, आई?" लेकीने विचारलं. स्पीकर बंद केलेला होता, तिचा आवाज अगदी कानाशी आला. "हे... कधी झालं?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. तुझ्या जन्माआधी, म्हटलं असतं. तुझं लग्न झाल्यावर, म्हटलं असतं. एकतीस वर्षांत शुक्रवार काय थोडे होते.

"तू सहावीत होतीस," त्या म्हणाल्या.

"बरं," लेक म्हणाली. मान वाकडी झाली असेल की नाही ते फोनवर दिसत नव्हतं. "ठेवते आता. गॅरेज शोधतोय आम्ही."

नंतर जावयाचा फोन आला, साडेदहाला. पायथ्याच्या गावात एक गॅरेज उघडं मिळालं होतं. चारही चाकं काढून पाहिली. डाव्या मागच्या चाकात कडं नव्हतं. नट ढिले नव्हते, तिथला मेकॅनिक म्हणाला, एवढ्याने काही होत नाही, आणि तोच पुढे असंही म्हणाला की माझी गाडी असती तर मी डोंगर चढलो नसतो. भाराचा आकडा चाकाच्या मागे तोच होता. "गाडी इथेच ठेवतोय. टॅक्सी केलीय. बाबांसाठी हॉस्पिटलचीच गाडी सांगितली, झोपून येतील, ते एका अर्थी बरंच." जावई तुटक नव्हता आणि मोकळाही नव्हता, दात काढून झाल्यावर पेशंटला सूचना देतात तसा बोलत होता. "जुनी चाकं उद्या घेऊन जाईन." मग म्हणाला, "आई, जेवून घ्या तुम्ही दोघी." लेकीविषयी बाईंनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

जेवून घेतलं. नातीने कडं परत मागितलं नाही, ती दुसऱ्याच कशात गुंतली होती. बाईंनी तिला झोपवलं, ओटा पुसला, कोरडा होता तरी पुसला. आता निवांत वाटायला हवं होतं. जे व्हायला नको होतं ते आता होणार नाही. आणि होणार नाही म्हणूनच ते झालं असतं का, हे कधीच कुणाला कळणार नाही, जावयाला नाही, मेकॅनिकला नाही, मलाही नाही. नाही म्हणण्याचं हे असंच असतं, हातात काहीच उरत नाही. एकतीस वर्षं मी हेच काहीच-नाही घरी घेऊन येत होते. त्याचं ओझं कधी झालं नाही. आणि त्या एका होकाराच्या मागेही काहीच-नाही आहे, अगदी याच्यासारखंच दिसणारं, तरी ते... बाई खिडकीशी गेल्या. खाली रस्त्याने गाड्या चालल्या होत्या. त्या वळणाशी हळू होत, मग पुढे जात.

दोनला दहा मिनिटं कमी असताना फोन थरथरला. लेकीचा मेसेज. एकच शब्द.

पोचलो.

बाईंनी तो वाचला. पुन्हा वाचला. छाती हलकी व्हायची ती झाली, अगदी क्षणभर, खरोखरच झाली – आणि तिथेच त्यांच्या ध्यानात आलं की पस्तीस घरांमध्ये कुणीतरी असंच खिडकीशी उभं राहिलं असणार, आणि हा शब्द त्यांच्याकडे आला की नाही ते आपल्याला कधीच कळलं नाही. आजवर त्या गाड्याच मोजत आल्या होत्या. खिडक्या नाहीत.

मेसेजच्या वरच्या बाजूला अक्षरं उमटली: टाइप करते आहे. मग गेली. पडदा तसाच उजळ राहिला. पुन्हा उमटली, या वेळी बराच वेळ राहिली, एवढा वेळ लागावा एवढं लांब काहीतरी लेक लिहीत होती, की एकच ओळ लिहून खोडत होती, वर्षं मोजत होती, वार आठवत होती... पुन्हा गेली. तो नाटकाचाच दिवस का, हा प्रश्न सकाळी येऊ नये म्हणून त्यांचा सगळा जीव गोळा झाला होता. आता त्या फोन दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या आणि वाटत होतं, विचार गं. तू विचार. मी सांगते, वारासकट सांगते, घड्याळात किती वाजले होते तेसुद्धा. मग तू त्या संध्याकाळचं जे करायचं ते कर.

अक्षरं तिसऱ्यांदा उमटली.